विपील आधी उलटं करून बघा: अँटिग्वातल्या विणकाम-संग्रहालयात जाण्याआधी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात लेकीकडे टेक्सासला जायचं आहे आणि तिथून तिघांनी मिळून आठ दिवस ग्वाटेमाला बघायचं आहे. अँटिग्वा शहरात मायन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, विणकामाचं एक छोटं संग्रहालय आहे आणि त्याला लागूनच दुकान आहे, असं कळलं. तिथे दोन तास घालवावेत का? बघायचं काय? विकत घेताना फसगत कशी टाळायची? आणि आणलेलं कापड मुंबईच्या दमट हवेत टिकवायचं कसं? शेवटी एक वाक्य आहे: "आईची एक पैठणी कपाटात आहे, विणकामातलं माझं ज्ञान तेवढंच."

मी गेली चोवीस वर्षं जुन्या हातमाग-कापडांच्या जतनाचं आणि दुरुस्तीचं काम करते. ग्वाटेमालाला दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला अँटिग्वाजवळच्या सान आंतोनिओ आगुआस कालिएंतेस या गावात तीन आठवडे एका विणकरणीच्या अंगणात बसून कमरेचा माग शिकले. त्या अनुभवावरून सांगते.

आधी पैठणीबद्दल. ते ज्ञान कमी समजू नका. आईने पैठणी घेताना पदर उलटा करून बघितला असणार. मागच्या बाजूला मोर समोरच्यासारखाच स्वच्छ दिसतो की सुटे धागे लोंबतात, हे बघायची आपल्या बायकांना सवय असते. ग्वाटेमालात तुम्हाला हीच एक सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. कापडाचा खरेपणा, कसब, त्यात गेलेले दिवस, सगळं उलट बाजूला लिहिलेलं असतं. फक्त पैठणीचे नियम तिथे जसेच्या तसे लावायचे नाहीत. का, ते पुढे येईलच.

जायचं का? नक्की जा, आणि दोन तासांऐवजी अर्धा दिवस ठेवा. अँटिग्वात कासा देल तेहिदो आंतीग्वो, म्हणजे 'जुन्या विणकामाचं घर', अशा नावाची जागा आहे. तुम्हाला कुणी सांगितली ती बहुधा हीच असावी. राजधानी ग्वाटेमाला सिटीत इश्चेल संग्रहालय आहे, ते मोठं आणि अभ्यासकांच्या सोयीचं. इश्चेल ही विणकाम, चंद्र आणि बाळंतपण यांच्याशी जोडलेली मायन देवी, तिचं नाव त्याला दिलंय. वेळ असेल तर दोन्ही बघा, पण आधी छोटं. मोठ्या संग्रहालयात कापड काचेआड असतं. छोट्यात ते हातभर अंतरावर असतं आणि विचारलं की कुणीतरी कोपरा उचलून दाखवतं. आणि क्रम एवढा सांभाळा: पहिल्या दिवशी फक्त बघायचं, पैसे काढायचे नाहीत. डोळा तयार व्हायला एक रात्र मध्ये जावी लागते. खरेदी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

आत गेल्यावर कपाटांकडे धावू नका. अशा जागी बहुतेक वेळा अंगणात किंवा ओसरीवर एक बाई मागावर बसलेली असते. आधी तिच्यासमोर बसा. 'बुएनोस दिआस' म्हणा, फोटोची परवानगी विचारा, आणि मग निदान वीस मिनिटं फक्त तिचे हात बघा.

माग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकट येते. येवल्याला खड्डामाग बघितला असेल तर तो जमिनीत रोवलेला, जड, हलवता न येणारा. इथे चौकटच नाही. सात-आठ काठ्या, एक दोर आणि एक पट्टा, बस्स. वरची काठी दोराने खांबाला किंवा झाडाला बांधलेली. खालची काठी पट्ट्याने विणकरणीच्या कमरेला. मधे उभे धागे. ताण देणारं यंत्र म्हणजे तिचं स्वतःचं शरीर. ती मागे रेलली की धागे वीणेच्या तारांसारखे ताठ, जरा पुढे झुकली की सैल. झुकल्याच क्षणी ती एक काठी वर उचलते. त्या काठीला दोऱ्याच्या बारीक फासांनी एकाआड एक उभा धागा अडकवलेला असतो. धागे दोन थरांत उघडतात, त्या फटीतून आडवा धागा जातो, आणि मग गुळगुळीत, जड, तलवारीच्या आकाराची लाकडी पट्टी आत सरकवून ती तो धागा स्वतःकडे ठोकते. सारखं वापरून त्या पट्टीला अशी झिलई चढते की तिच्यात बोटं दिसतात. काम संपलं की सगळा माग गुंडाळून काखेत मारायचा आणि निघायचं. आपल्याकडे नागालँड आणि मणिपूरमधल्या बायका याच जातीच्या मागावर विणतात. त्यांचा मायांशी काही संबंध नाही. माणसाला दोन ठिकाणी तेच सुचलं, एवढंच.

हा माग किती जुना? यशचिलान या मायन नगरातल्या, आठव्या शतकातल्या कोरीव दगडी तुळया आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या राणीच्या अंगावरचं वस्त्र शिल्पकाराने इतकं बारीक कोरलंय की चौकटींची नक्षी मोजता येते, आणि तशाच चौकटी मेक्सिकोच्या चियापास भागातल्या बायका अजून विणतात. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या हाइना बेटावर सापडलेली मातीची एक छोटी मूर्तीही प्रसिद्ध आहे: बाई मागावर बसलीय आणि माग बांधलेल्या खुंटावर पक्षी येऊन बसलाय. तुमच्या समोरची ओसरीवरची बाई त्याच पद्धतीने बसलेली असेल.

आता नक्षीकडे. आडव्या धाग्यांच्या दोन ओळींच्या मधे ती बोटांनी किंवा हाडाच्या टोकदार काडीने ठरावीक उभे धागे उचलते, त्यांच्याखालून रंगीत धागा घालते, मग पुढची साधी ओळ ठोकते. हा रंगीत धागा वरचा आहे. तो काढून टाकला तरी खालचं कापड शाबूत राहतं. पैठणीत तसं नाही. पैठणीच्या पदरात मोर हेच कापड असतं, वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे कडेला एकमेकांत अडकत जातात. मोर काढला तर भोक पडेल. मायन नक्षी पैठणीपेक्षा बंगालच्या जामदानीच्या जवळची. म्हणूनच मघाशी म्हटलं की पैठणीचा नियम जसाच्या तसा लावू नका. उलट बाजूला रंगीत धाग्यांचे टप्पे दिसले म्हणून लगेच 'मशीनचं' ठरवू नका. बऱ्याच गावांच्या पद्धतीत ते दिसतातच.

सान आंतोनिओची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे मी पहिल्यांदा थक्क झाले. त्या गावात 'मार्कादोर' नावाची एक पद्धत आहे. रंगीत धागा उभ्या धाग्यांना असा वळसा घालत जातो की फूल, पक्षी, पान दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं उमटतं. लांबून बघणाऱ्याला ती भरतकामाच्या टाक्यांची जाळी वाटते, पण सुई लागलेलीच नसते. माझ्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी स्वतःचं विपील, म्हणजे वरचं सैल वस्त्र, काढून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, सुलट कुठली? मी पाच मिनिटं चाचपत होते. शेवटी मानेजवळच्या शिवणीवरून ओळखलं. संग्रहालयात सान आंतोनिओचं विपील असेलच. तिथल्या माणसाला विनंती करा आणि कोपरा उलटून बघा.

विपील म्हणजे बायकांचं वरचं वस्त्र, सैल झग्यासारखं. हा शब्द नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. अँटिग्वाच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या काक्चिकेल भाषेत त्याला 'पोत' म्हणतात. मराठीत आपण कापडाचा पोत म्हणतो, आणि या दोन शब्दांचं काही नातं नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या अंगणात शिक्षिका 'पोत' म्हणाली तेव्हा मला घरचं कुणी बोलल्यासारखं झालं.

या वस्त्राची रचना समजली की अर्धी पारख होते. कमरेच्या मागाची रुंदी विणकरणीच्या हातांच्या आवाक्याएवढीच. दोन्ही हात कापडाच्या दोन्ही कडांना सहज पोचले पाहिजेत. म्हणून विपील एका अखंड रुंद कापडाचं नसतं. दोन किंवा तीन पट्टे विणायचे, कडेला कड लावून जोडायचे, मधे मानेला जागा ठेवायची, घडी घालून बाजू शिवायच्या. पट्टे जोडण्याच्या रंगीत टाक्याला 'रांदा' म्हणतात आणि चांगल्या विपीलात तो जोड स्वतःच एक नक्षी असतो. गळा सोडला तर कात्री जवळजवळ लागतच नाही. साडी नेसणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही: कापड जसं मागावरून उतरलं तसं अंगावर यावं, हा विचार आपल्या ओळखीचा आहे.

शिकताना माझ्या कापडाची रुंदी सकाळी वीतभर होती, दुपारपर्यंत ती पाऊण वीत झाली. आडवा धागा जरा ओढला की कड आत येते आणि मग येतच राहते. शिक्षिकेने पोकळ वेताची एक काडी कापडाच्या रुंदीएवढी कापली, खालच्या बाजूने आडवी धरली आणि दोन्ही टोकांना काट्याने कडेत अडकवली. वीण पुढे गेली की काडी पुढे सरकवायची. मागावर बसलेल्या बाईच्या कापडाखाली वाकून बघा, ती काडी दिसेल. विकायला ठेवलेल्या कापडाच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक टोचल्याच्या खुणा दिसल्या तर त्या दोष समजू नका.

आणखी एक खूण, माझ्या मते सगळ्यात भरवशाची. या मागावर उभे धागे दोन्ही टोकांच्या काठ्यांवर फासासारखे चढवलेले असतात, म्हणून कापडाच्या चारही कडा पूर्ण, न कापलेल्या मिळू शकतात. विणकरीण एका टोकाला दोन-चार बोटं विणते, मग माग उलटा फिरवते आणि दुसऱ्या टोकाकडून विणत त्या पहिल्या पट्टीपर्यंत येते. शेवटचं बोटभर अंतर राहतं तेव्हा काठ्या आत शिरत नाहीत. तिथे सुईने किंवा बारीक काडीने एकेक धागा भरावा लागतो. मी त्या शेवटच्या दोन बोटांना आख्खी एक सकाळ घालवली. त्या ठिकाणी वीण जरा विरळ, किंचित वाकडी दिसते. कापडाचं टोक बघा: आपल्यासारखं कापून दुमडून शिवलेलं आहे की स्वतःहून संपलेलं आहे? टोकाजवळ ती विरळ पट्टी बोटाला लागते का? लागली तर कमरेचा माग नक्की. अर्थात टोक कापलेलं असलं म्हणजे खोटं, असं उलट अनुमान काढू नका. काही गावांत एक लांब पट्टा विणून तो मधे कापतात.

बाकी वस्त्रांबद्दल थोडक्यात. खालचं लुगड्यासारखं गुंडाळायचं वस्त्र म्हणजे कोर्ते. ते बहुधा पायाच्या मागावरचं असतं. तो माग स्पॅनिश लोकांनी आणला आणि त्यावर मुख्यतः पुरुष विणतात. कोर्तेत धागे बांधून रंगवण्याची जी कला दिसते तिला 'हास्पे' म्हणतात, आणि सालकाहा हे गाव तिच्यासाठी नावाजलेलं. पोचमपल्ली किंवा पाटण पटोळं बघितलेल्या माणसाला हास्पे लगेच ओळखू येतो: आकृतीच्या कडा धूसर, जणू पाण्यात हललेल्या. कमरपट्टा म्हणजे फाहा. आणि त्सूते म्हणजे एक चौकोनी कापड, ज्याने बाळ पाठीला बांधतात, टोपली झाकतात, उन्हात आणि चर्चमध्ये डोक्यावर घेतात. पहिली खरेदी म्हणून मी त्सूतेच सुचवेन. पूर्ण वस्त्र आहे, घडी सपाट बसते, आणि त्यात गावची सगळी ओळख असते.

प्रत्येक गावचं विपील वेगळं, हे तुम्हाला पहिल्याच कपाटात सांगतील. चिचिकास्तेनांगोच्या विपीलात गळ्याभोवती सूर्याच्या किरणांसारखी नक्षी. सांतियागो आतित्लानचं पांढऱ्यावर जांभळ्या रेघांचं, त्यावर पक्षी भरलेले. तिथल्या बायका डोक्याला कित्येक मीटर लांबीची अरुंद पट्टी गोल गोल गुंडाळून चकतीसारखी करत, आता मोजक्या वयस्कर बायकाच करतात. ती बघायला संग्रहालयातही जायला नको: ग्वाटेमालाचं २५ सेंताव्होचं नाणं खिशातून काढा, त्यावर तीच पट्टी बांधलेल्या बाईचा चेहरा आहे. तोदोस सांतोसमध्ये पुरुषसुद्धा लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार घालतात. बाकीच्या बहुतेक गावांत पुरुषांनी हा पोशाख केव्हाच सोडला.

इथे एक सावधगिरी. गाईड हमखास सांगतात की स्पॅनिश राज्यकर्त्यांनी गावागावांवर नजर ठेवण्यासाठी प्रत्येकाला वेगळा पोशाख नेमून दिला आणि तेव्हापासून तो तसाच चालत आला. ऐकायला सोपी गोष्ट आहे. पण 'तसाच' या शब्दावर विश्वास ठेवू नका. आतित्लान सरोवराकाठच्या सांता कातारीना पालोपो गावचं विपील पूर्वी लालसर होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बघता बघता ते निळं-मोरपंखी झालं, आणि आज तो निळाच त्या गावची ओळख आहे. संग्रहालयात एकाच गावची दोन वेगळ्या काळातली विपीलं शेजारी ठेवली असतील तर तिथे थांबा. ही परंपरा जिवंत आहे ती बायका तीत फेरफार करतात म्हणून. चमकदार धागा आला, त्यांनी तो घेतला. शेजारच्या गावची नक्षी आवडली, ती उचलली. नक्षीच्या अर्थांचंही तेच. दुतोंडी गरुड, नागमोडी रेघ, चौकट यांचे अर्थ दुकानात छापील कागदावर मिळतात. विणकरणीला विचारलं तर कधी ती मोठी गोष्ट सांगते आणि कधी म्हणते, आईने शिकवली म्हणून विणते. दोन्ही उत्तरं खरी.

नैसर्गिक रंगांचंही असंच. 'नैसर्गिक रंग म्हणजे अस्सल' हे समीकरण डोक्यातून काढा. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्याचा लाल रंग ही एकेकाळी ग्वाटेमालाची सगळ्यात मोठी निर्यात होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अँटिग्वाच्या आसपास निवडुंगाच्या बागाच बागा होत्या. मग कारखान्यातले रंग आले आणि तो धंदा बसला. गावातल्या विणकरणींनी ते नवे, पक्के, झगझगीत रंग आनंदाने स्वीकारले. त्यामुळे शंभर वर्षांचं विपीलही रासायनिक रंगाचं असू शकतं आणि तरी संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेचं. सान हुआन ला लागुना गावात बायकांच्या सहकारी संस्था आज झाडपाल्यापासून रंग करतात, काम फार सुरेख आहे, जरूर बघा. ते सौम्य रंग पर्यटकांना आवडतात. विणणाऱ्या बायका स्वतःच्या अंगावर मात्र बहुधा भडक रंगच पसंत करतात. नैसर्गिक रंगाचं एक कापड मात्र मी आवर्जून शोधायला सांगेन: 'इश्काको', जन्मतःच तपकिरी बोंडाचा कापूस. रंगवायचाच नाही. चहात दूध जरा जास्त पडावं तसा त्याचा रंग.

आता एक गोष्ट जी दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नसते. ग्वाटेमालात १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चाललं. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला: दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्यांची पूर्ण ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया. ऐंशीच्या दशकात काही भागांत विपील अंगावर असणं म्हणजे आपण कुठल्या गावच्या ते चालता चालता जाहीर करणं होतं, आणि त्यात जिवाला धोका होता. कित्येक बायकांनी ते पेटीत ठेवलं. ज्यांचे नवरे गेले त्यांच्या हातात उरलं ते हेच कसब. आज ज्या विणकरी सहकारी संस्था दिसतात त्यांतल्या बऱ्याच त्या विधवांनी उभ्या केलेल्या आहेत. केत्सालतेनांगो शहरातली 'त्रामा तेक्स्तिलेस' १९८८ साली अशीच सुरू झाली. 'त्रामा' म्हणजे आडवा धागा, आपला बाणा. म्हणून संग्रहालयात एखादं विपील बघताना, ते कुणाचं होतं आणि इथे कसं आलं, हे विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारा.

आणि अलीकडची लढाई. मोठ्या कंपन्या गावांच्या नक्षी उचलून पिशव्या-कपड्यांवर छापतात, विणकरणीला काही मिळत नाही. त्याविरुद्ध २०१६ साली विणकरणींच्या संघटना ग्वाटेमालाच्या घटना न्यायालयात गेल्या. नक्षी ही त्या त्या समाजाची सामूहिक बौद्धिक मालमत्ता माना, अशी त्यांची मागणी. न्यायालयाने संसदेला कायदा करण्याची सूचना केली. आपल्याकडे पैठणीच्या भौगोलिक मानांकनानंतरही यंत्रमागाची 'पैठणी' बाजारात कशी विकली जाते हे आपण बघतोच, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला सहज उमगतं.

आता खरेदी. बाजारात चार प्रकारचा माल एकाच खुंटीवर टांगलेला असतो: कमरेच्या मागाचा, पायाच्या मागाचा, यंत्रावर भरतकाम केलेला, आणि छापील. पायाच्या मागाचं कापड वाईट नसतं, उत्तम असतं, फक्त ते कमरेच्या मागाच्या भावाने घेऊ नका. यंत्रावरच्या भरतकामाची उलट बाजू बघितली की पांढऱ्या दोऱ्याची जाळी आणि मागे चिकटवलेला कागदी थर हाताला लागतो. छापील तर लगेच कळतं: गुळगुळीत पॉलिस्टर, आणि उलट बाजू फिकट किंवा पांढरी. गंमत म्हणून नातवाला पिशवी घ्यायची तर घ्या, पण विपील म्हणून नको.

दुकानात मी काय करते ते सांगते. कापड उजेडाकडे नेते. उलटं करते. चारही कडा बोटांनी चाचपते. नक्षीच्या दोन सारख्या आकृत्या शेजारी धरून मोजते: हातचं असेल तर दोन पक्ष्यांत एखाद्या धाग्याचा फरक निघतोच. मग पट्ट्यांचा जोड बघते. शेवटी ओला पांढरा रुमाल नक्षीच्या लाल भागावर अर्धा मिनिट दाबून धरते, अर्थात विचारून. ही शेवटची सवय मला महागात शिकायला मिळाली. पहिल्या खेपेला एका दुकानात, 'शंभर टक्के नैसर्गिक, पक्का रंग' असं ऐकून मी गर्द लाल फाहा घेतला. घरी पहिल्याच थंड पाण्यात लाल रंग सुटला आणि पट्ट्यातल्या पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगेत उतरला. मी हेच काम करते, तरी तो डाग मला काढता आला नाही. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो ही समजूत आपल्याकडेही आहे. कापूस एकदा रंगवून झाल्यावर तसं काही होत नाही.

धागा सुती की ॲक्रेलिक, हे दुकानात विचारा आणि सुटा धागा मिळाला तर बाहेर येऊन जाळून बघा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि राख चुरगळते. ॲक्रेलिक वितळून काळा कडक मणी होतो. ॲक्रेलिक असलं म्हणून विणकाम खोटं ठरत नाही, स्वस्त धागा परवडतो म्हणून कितीतरी बायका तोच वापरतात. पण किंमत आणि पुढची निगा यासाठी माहीत हवं.

घासाघीस करावी का? उघड्या बाजारात भाव होतो, तिथे करा, हसून करा. सहकारी संस्थेच्या दुकानात आणि थेट विणकरणीकडे करू नका. दाट नक्षीचं विपील कित्येक महिने खातं. स्वयंपाक, मुलं, मक्याचं शेत सांभाळून उरलेल्या तासांत ते विणलेलं असतं. किंमत ऐकून जास्त वाटली तर तिला एवढंच विचारा, किती दिवस लागले? त्या दिवसांना आपल्या गावच्या मजुरीने गुणा. मी जेव्हा जेव्हा हा गुणाकार केला, किंमत कमीच निघाली. चिठ्ठीवर विणकरणीचं नाव आणि गाव लिहिलेलं असेल ते दुकान पसंत करा. परवडत नसेल तर लहान गोष्ट घ्या, पण चांगली घ्या.

जुन्या विपीलांच्या कापलेल्या तुकड्यांच्या पिशव्या, बूट, उशांचे अभ्रे सगळीकडे दिसतील. यावर माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यांना पटेलच असं नाही. फाटलेल्या, विटलेल्या कापडाचा शाबूत भाग वापरला तर त्यात मला वावगं वाटत नाही, आपणही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतो. पण धडधाकट विपील कापून केलेली पिशवी मी घेत नाही. आणि तुम्ही विपील आणलंत तर त्याचा ब्लाउज शिवायला टाकू नका. सैल कुर्त्यासारखं जसंच्या तसं घाला, छान दिसतं. जाड असतं, म्हणून आपल्याकडे ते डिसेंबर-जानेवारीतच.

आता निगा. आल्यावर आठवडाभर कपाटात घालू नका. वेगळ्या पिशवीत ठेवा, कीड किंवा अंडी नाहीत ना ते शिवणींच्या आत बघा. लोकरीचं काही आणलं असेल तर अधिक नीट. धुवायची घाई नको. घामाचा वास असेल तर सावलीत वारा द्या. धुवायचंच झालं तर आधी रुमालाची परीक्षा प्रत्येक रंगावर, मग थंड पाणी, सौम्य साबण, चोळणं नाही, पिळणं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलं तर ओल्या कापडाचं वजन रांद्याच्या जोडावर येतं आणि तो उसवतो. भिंतीवर चौकटीत लावायचा मोह होईल. खिडकीच्या उजेडात दोन वर्षांत निळा-जांभळा उडतो, म्हणून मी लावत नाही.

ठेवताना आईच्या पैठणीसारखंच: धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मलमलीत. घडीऐवजी गुंडाळी चांगली. घडीच घालायची तर घडीच्या पोटात मलमलीचा सुरळी केलेला तुकडा घाला आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या कापडाला थेट लावू नका. लाकडी फळीशीही थेट संपर्क नको, मधे मलमल हवीच. प्लास्टिकची पिशवी मुंबईत तर मुळीच नको, पावसाळ्यात आत दमटपणा धरते आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडले की निघत नाहीत. नवरात्र उलटून हवा कोरडी झाली की एक दिवस बाहेर काढून खोलीत पसरून ठेवा.

आणि मलमलीच्या आत एक चिठ्ठी ठेवा, पेनाने नको, पेन्सिलने लिहा, शाई ओलीत उतरते: गावाचं नाव, विणकरणीने स्वतःचं नाव सांगितलं असेल तर ते, किती दिवस लागले ते, तुम्ही कधी घेतलंत ती तारीख. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कापडांत शंभरात एखाद्यालाच अशी चिठ्ठी असते.